सांबार म्हणजे कोथिंबीर

नागपुरात ‘तो जेवून राहिला’ असं ऐकू आलं, तर ताट अजून त्याच्या पुढ्यात आहे असं समजायचं. तेच वाक्य पुण्यात म्हणा, ऐकणाऱ्याला वाटेल पाहुणा जेवला आणि मुक्कामाला थांबला. शब्द तेच, क्रम तोच, व्याकरणात दोन्हीकडे खोट नाही. म्हणूनच घोटाळा होतो आणि झाल्याचं ध्यानातही येत नाही. ‘मले’, ‘तुले’ त्या मानाने बिनधोक. परक्या कानाला ते खटकतं, पण खटकलं म्हणजे माणूस सावध झाला. खरी पंचाईत सांबाराची. कॉटन मार्केटात ‘सांबार कसा दिला भाऊ?’ हा प्रश्न कोथिंबिरीच्या जुडीचा असतो, आणि कोकणातून आलेल्या सुनेला ‘भाजीवर सांबार घाल’ म्हटलं की ती इडलीबरोबरची वाटी शोधू लागते.

बोलीबोलींतले फरक असे दोन जातींचे: ओरडणारे आणि गप्प बसणारे. प्रोग्रामिंगच्या भाषांनाही बोली असतात आणि तिथेही हीच विभागणी लागू पडते. त्या बोली जुळवायला जी माणसं एकत्र बसतात, त्यांना पहिल्या जातीचे फरक संध्याकाळपर्यंत निकालात काढता येतात. दुसऱ्या जातीत वर्षं जातात. लिस्प या भाषेत ती तेरा गेली, आणि त्या तेरा वर्षांचा कारभार इतका लेखी स्वरूपात शिल्लक आहे की बोलींविषयी जरा जिव्हाळा असलेल्या कुणीही तो वाचावा.

लिस्पची सुरुवात १९५८ साली एमआयटीत जॉन मॅकार्थी यांनी केली. १९६२ मध्ये लिस्प १.५ ची पुस्तिका निघाली आणि त्यानंतर प्रत्येक प्रयोगशाळेने आपल्याकडच्या यंत्राला सोसेल तशी भाषा वळवून घेतली. सत्तरच्या दशकात दोन मोठी घराणी उभी राहिली: एमआयटीची मॅकलिस्प, आणि बीबीएन व झेरॉक्स पार्क या संशोधनसंस्थांतली इंटरलिस्प. यादीतल्या प्रत्येक घटकावर एखादं फंक्शन, म्हणजे ठरलेलं काम करणारा कोडचा तुकडा, चालवणारं ‘मॅपकार’ दोन्ही घरांत होतं. मॅकलिस्पमध्ये आधी फंक्शन द्यायचं, मग यादी. इंटरलिस्पमध्ये आधी यादी, मग फंक्शन. हा ओरडणारा फरक. इकडचा कोड तिकडे नेला की यंत्र यादीलाच फंक्शन समजून हाक मारतं, आणि बहुधा तिथेच अडतं. चूक कुठे आहे ते दिसतं, जागा बदलून द्यायची, काम भागलं.

गप्प फरक पाहायचा तर व्हेरिएबलच्या, म्हणजे मूल्य साठवणाऱ्या नावाच्या, व्याप्तीकडे यावं लागतं. समजा, एका फंक्शनने ‘एकूण’ नावाचं व्हेरिएबल तयार केलं आणि मग दुसऱ्या फंक्शनला बोलावलं. दुसऱ्यातही ‘एकूण’ हे नाव वापरलंय, पण त्याचं स्वतःचं असं काही नाही. आता त्याने कोणाचं ‘एकूण’ धरावं? ज्याने बोलावलं त्याचं, की आपण जिथे लिहिले गेलो त्या जागी दिसणारं? पहिल्या रीतीला डायनॅमिक म्हणतात, दुसरीला लेक्सिकल. मॅकलिस्पची गंमत अशी की तिचा इंटरप्रीटर (कोड वाचत वाचत चालवणारा) पहिल्या रीतीने चाले, आणि तिचा कम्पायलर (कोड आधी यंत्रभाषेत उतरवणारा), वेगळं सांगितलं नसेल तर, स्थानिक व्हेरिएबल दुसऱ्या रीतीने धरे. म्हणजे रात्री इंटरप्रीटरवर तपासलेला प्रोग्राम सकाळी कम्पाइल केला की निराळं उत्तर देऊ शके. एकाच घरात, एकाच फाइलीत, ‘जेवून राहिला’चे दोन अर्थ.

एप्रिल १९८१ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या ‘दार्पा’ या संशोधन संस्थेने एसआरआय या प्रयोगशाळेत बैठक बोलावली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळांना पैसा दार्पाकडूनच जात होता, आणि एकीने लिहिलेलं दुसरीकडे चालत नसेल तर तोच खर्च दोनदा होतो, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. बैठकीत इंटरलिस्पची मंडळी एकजुटीची दिसली. मॅकलिस्पच्या घराण्यात मात्र भाऊबंदकी होती. लिस्पसाठीच बांधलेल्या ‘लिस्प मशीन’वाले वेगळे, कार्नेगी मेलन विद्यापीठाची स्पाइस लिस्प वेगळी, व्हॅक्स संगणकासाठीची निल वेगळी, एस-१ या यंत्रासाठीची आणखी वेगळी. आपण असेच विखुरलेले राहिलो तर पैसा आणि मान दोन्ही इंटरलिस्पकडे जाणार, हे या भाऊबंदांनी ओळखलं आणि ते एकत्र आले. जी भाषा घडली तिला त्यांनी ‘कॉमन लिस्प’ म्हटलं. हे ‘कॉमन’ सगळ्या लिस्पांचं नव्हतं, मॅकलिस्पच्या लेकरांपुरतं होतं. मॅपकारमध्ये आधी फंक्शनच राहिलं.

नागपूरकराला इथे थांबून विचार करावासा वाटतो. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात मोठ्या राज्यात जाणाऱ्या प्रदेशाला निदान लेखी हमी होती: वर्षातून एक अधिवेशन नागपुरात. पुढे ती कशी पाळली गेली यावर इथल्या कुठल्याही पानठेल्यावर भाषण ऐकायला मिळेल, पण कागद होता. इंटरलिस्पच्या हाती १९८१ साली असा कागद नव्हता.

कॉमन लिस्पचा गाभा पाच जणांनी सांभाळला: गाय स्टील, स्कॉट फालमन, डेव्हिड मून, डॅनियल वाइनरेब आणि रिचर्ड गेब्रियल. (कंसाचा आणि दोन टिंबांचा हसरा चेहरा निरोपात वापरावा, हे सप्टेंबर १९८२ मध्ये सुचवणारे ते हेच फालमन.) काम चाललं अर्पानेटच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजाच्या, निरोपांवर. तीस महिन्यांत सुमारे ३,००० निरोप, म्हणजे दिवसाला सरासरी तीन. छापले असते तर अदमासे १,१०० पानं. समोरासमोरच्या बैठका दोनच, एकेका दिवसाच्या. कित्येक शे मुद्द्यांवर निर्णय झाले, बहुतेक सहमतीने, अडलं तिथे साध्या बहुमताने. एका कच्च्या आवृत्तीला त्यांनी ‘चाळणी’ असं नाव दिलं होतं, कारण तिला भोकं फार होती. १९८४ मध्ये स्टील यांनी संपादित केलेलं पुस्तक आलं. व्याप्तीचा निकाल त्यात स्पष्ट आहे: व्हेरिएबल लेक्सिकल, डायनॅमिक हवं असेल तर तसं जाहीर करायचं, आणि इंटरप्रीटर व कम्पायलर यांनी एकच अर्थ लावायचा.

पुस्तक आलं म्हणजे भोकं बुजली असं नाही. मजकूर लिहिणाऱ्याला स्वतःच्या मजकुरातली गाळलेली जागा दिसत नाही, कारण ती तो आपल्या यंत्राच्या सवयीने भरून वाचतो. जपानमध्ये क्योटो विद्यापीठात युआसा आणि हागिया यांनी त्या चर्चेत नसतानाही, निव्वळ पुस्तकावरून आपली कॉमन लिस्प उभी केली. मजकुराची याहून चांगली परीक्षा नाही. जो माणूस बैठकीला नव्हता, ज्याला ‘अरे, ते तर ठरलंच होतं’ हे ठाऊक नाही, त्याच्या हाती मसुदा द्यावा आणि तो कुठे अडतो ते पाहावं. इकडे कार्यालयांत नियमावल्या करणाऱ्यांनीही करून बघण्यासारखं आहे.

१९८६ मध्ये अमेरिकी मानक संस्थेच्या छत्राखाली समिती बसली, तिचं नाव एक्स३जे१३. तिने पुस्तकातले सगळे संदिग्ध मुद्दे वेचायला एक उपसमिती नेमली. ‘क्लीनअप’, म्हणजे साफसफाई. अध्यक्ष कोण? लॅरी मॅसिंटर, झेरॉक्सचे, इंटरलिस्पच्या घरातले. हरलेल्या बोलीच्या माणसाकडे जिंकलेल्या बोलीचा केरवारा. ही नेमणूक मला त्या सगळ्या व्यवहारातली सर्वांत शहाणी वाटते. भोकं परक्यालाच दिसतात.

त्या उपसमितीचा अर्ज मुळातून पाहण्यासारखा आहे. दर मुद्द्याला एक नाव, आणि अपूर्णविरामापुढे (:) त्या मुद्द्यावरच्या सूचनेचं वेगळं नाव. ही बारीक गोष्ट मोठी आहे: मुद्दा एक आणि त्यावर तीन सूचना आल्या तरी भांडण कोणत्या सूचनेवर चाललंय हे ढळत नाही, आणि सूचना पडली तरी मुद्दा जिवंत राहतो. मग प्रकार: खुलासा, बदल की भर. मग अडचण काय ती. त्यात उपाय डोकावता कामा नये. मग सूचना, आणि ती का. त्यानंतरचा रकाना ‘सध्या कोण काय करतं’. कोणत्या कंपनीची लिस्प आज हा कोड दिला तर काय उत्तर देते, ते नावानिशी. त्याखाली तीन खर्च: भाषा बांधणाऱ्यांना काय पडेल, वापरणाऱ्यांना काय पडेल, आणि सूचना नाही स्वीकारली तर काय पडेल. मग फायदे, मग सौंदर्य. हो, सौंदर्याला स्वतंत्र रकाना होता. शेवटी कोण काय म्हणालं याची टिपणं.

यातला ‘सध्या कोण काय करतं’ हा रकाना भरला की अर्धी भांडणं आपोआप विझतात. ‘सगळे असंच तर करतात’ हे वाक्य प्रत्येक पक्ष म्हणत असतो, आणि तपासायला गेलं की पाचांपैकी दोघेच तसं करत असतात. स्वीकारलं नाही तर काय पडेल, हा रकानाही तसाच कामाचा. तो नसेल तर काहीच न करणं हा नेहमी फुकटातला पर्याय दिसतो.

एक मुद्दा उदाहरणाला घेऊ. १९८४ च्या पुस्तकाप्रमाणे ‘ही वस्तू फंक्शन आहे का?’ असं कुठल्याही चिन्हाबद्दल, म्हणजे नुसत्या नावाबद्दल विचारलं तरी उत्तर ‘हो’. त्या नावाचं फंक्शन कुणी लिहिलेलं नसलं तरीही ‘हो’. ‘लॅम्डा’ने (ही बिननावाच्या फंक्शनची खूण) सुरू होणारी साधी यादी दिली तरी ‘हो’. ज्या चाचणीचं उत्तर असं येतं तिच्यावर कम्पायलरने काय भरवसा ठेवायचा? सूचना आली की फंक्शन हा स्वतंत्र प्रकार करावा. नाव म्हणजे फंक्शन नव्हे, यादी म्हणजेही नव्हे. पण वापरणाऱ्यांच्या खर्चाच्या रकान्यात मोठा आकडा पडत होता, कारण फंक्शनऐवजी त्याचं नाव देऊन हाक मारणारा कोड जिकडेतिकडे होता. शेवटी तोडगा असा: प्रकार वेगळा, पण ‘फनकॉल’ आणि ‘अप्लाय’ या दुसऱ्या फंक्शनला हाक मारणाऱ्यांना नाव दिलं तर त्यांनी ते चालवून घ्यावं, त्या नावाचं सार्वत्रिक फंक्शन शोधावं. लॅम्डाची यादी मात्र चालणार नाही. ती आधी रीतसर फंक्शनमध्ये बदलून घ्यावी लागेल. नावं देणारे खूप होते, याद्या देणारे थोडे. जिथे माणसं कमी तिथे मोडतोड केली. तत्त्व म्हणून हे फार देखणं नाही, पण हिशेब सरळ आहे.

याच समितीसमोर वस्तुकेंद्री (ऑब्जेक्ट-ओरिएंटेड) प्रोग्रामिंगच्या, म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामं ‘वस्तूं’भोवती रचण्याच्या, चार पद्धती आल्या: सिम्बॉलिक्सची न्यू फ्लेवर्स, झेरॉक्सची कॉमनलूप्स, एचपीची कॉमनऑब्जेक्ट्स आणि एलएमआयची ऑब्जेक्ट लिस्प. एकच निवडण्याऐवजी सिम्बॉलिक्स, झेरॉक्स आणि ल्युसिड या तीन कंपन्यांतल्या प्रत्येकी दोन माणसांनी बसून नवी पद्धत लिहिली. जून १९८८ मध्ये ती मान्य झाली. तिच्यात वस्तूला निरोप पाठवणं नाही; मेथड (ठरावीक प्रकारच्या वस्तूंसाठी लिहिलेली कृती) फंक्शनची असते, आणि एकाहून जास्त वस्तूंच्या प्रकारांवरून ती निवडता येते. कॉमनलूप्सचं मूळ इंटरलिस्पवर बांधलेल्या ‘लूप्स’मध्ये आहे. १९८१ साली दाराबाहेर राहिलेलं घर सात वर्षांनी माजघरात दिसतं ते असं.

आता सांबाराकडे. कॉमन लिस्पमध्ये एकाच नावाला दोन खण असतात, एक फंक्शनचा आणि एक मूल्याचा. कंसात पहिल्या जागी नाव आलं तर फंक्शनचा खण उघडायचा, इतरत्र आलं तर मूल्याचा. म्हणून ‘लिस्ट’ नावाचं व्हेरिएबल ठेवून त्याच ओळीत ‘लिस्ट’ हे फंक्शनही वापरता येतं. स्कीम या लिस्पच्याच दुसऱ्या बोलीवाल्यांना हे गैरशिस्त वाटतं, त्यांच्याकडे नावाला खण एकच. १९८८ मध्ये गेब्रियल आणि केंट पिटमन यांनी याच्या दोन्ही बाजू सविस्तर मांडल्या आणि समितीने दोन खण तसेच ठेवले. नागपूरकराला यात नवल वाटू नये. कॉटन मार्केटात सांबार म्हणजे कोथिंबीर, बर्डीवरच्या उडुपी हॉटेलात सांबार म्हणजे वाटीतला, आणि एकच माणूस सकाळी एक नि संध्याकाळी दुसरा मागतो. जागा अर्थ सांगते. घोटाळा तेव्हाच, जेव्हा नुसता शब्द जागेशिवाय हातात पडतो; तिथे कॉमन लिस्पही ‘फंक्शन’ असा वेगळा शब्द लावून सांगायला लावते.

सगळंच असं निभावलं नाही. फाइलींच्या नावांचं पाहा. तेव्हा यंत्रागणिक फाइलींची नावं लिहायची तऱ्हा वेगळी होती, काहींत फाइलीच्या आवृत्तीचा क्रमांकही नावातच असे. भाषा घडवणाऱ्यांना कुणाला दुखवायचं नव्हतं. म्हणून नावाचे सहा भाग केले: यजमान यंत्र, उपकरण, फोल्डर, नाव, प्रकार, आवृत्ती. आज बहुतेक सगळे युनिक्स या प्रणालीच्या वळणाची नावं वापरतात. आवृत्तीचा रकाना रिकामा पडून असतो, आणि टिंबाने सुरू होणाऱ्या फाइलीत टिंबापुढचं सगळं ‘नाव’ धरायचं की ‘प्रकार’, यावर वेगवेगळ्या लिस्पांनी वेगवेगळं ठरवलं. सर्वांना सामावून घेणारा नियम असा कधीकधी कुणालाच नीट बसत नाही.

लिस्प १.५ ची पुस्तिका आली त्याच १९६२ मध्ये मराठीत लेखनाचे चौदा नियम आले, १९७२ मध्ये आणखी चार. ते करणाऱ्या साहित्य महामंडळात पुणे, मुंबई आणि मराठवाड्याच्या संस्थांबरोबर नागपूरचा विदर्भ साहित्य संघही होता. त्या नियमांत मला दोन जागा फार तांत्रिक वाटतात. पहिली: चिपळूणकरांच्या आधीचं गद्य आणि केशवसुतांच्या आधीचं पद्य मुळाबरहुकूम छापावं, नंतरचं नव्या नियमांनी. जुना कोड हात न लावता चालवायचा, आणि ‘जुना’ म्हणजे कुठवर त्याची रेघ मारून द्यायची. दुसरी: ‘राहणे, पाहणे’ हीच रूपं लिहावीत, पण आज्ञार्थात ‘राहा’ आणि ‘रहा’ दोन्ही चालतील. ठरवलं नाही असं नव्हे. दोन्ही चालतील हेच ठरवलं.

‘ठरवलं नाही’ याचेही प्रकार असतात, आणि ते सर्वांत नेटके मांडले सी भाषेच्या समितीने. तिचं काम १९८३ मध्ये सुरू झालं, मानक १९८९ मध्ये आलं. तिच्याकडे एक मोकळीक अशी की भाषा बांधणाऱ्याने काहीही निवडावं, पण काय निवडलं ते लिहून द्यावं. दुसरी, काहीही निवडावं आणि लिहायचीही गरज नाही. तिसरी, असं लिहिणारा प्रोग्रामर स्वतःच्या जबाबदारीवर. काहीही होऊ शकतं. नागपुरातल्या अभियांत्रिकी लॅबांमध्ये वर्षानुवर्षं निळ्या पडद्याची टर्बो सी (सी भाषेचा जुना कम्पायलर) वापरात होती. तिथे ‘इंट’ (पूर्णांक ठेवायचा खण) सोळा बिटांचा. फॅक्टोरियलच्या प्रोग्रामला ७ दिले की ५,०४० येतं, ८ दिले की ४०,३२० च्या जागी उणे २५,२१६. तोच प्रोग्राम जीसीसी या दुसऱ्या कम्पायलरवर १२ पर्यंत बरोबर चालतो. पोट्ट्यांना वाटतं टर्बो सी चुकली. ती चुकलेली नाही. ‘इंट’ किमान सोळा बिटांचा असावा एवढंच मानक म्हणतं. त्याहून किती मोठा, हे पहिल्या प्रकारच्या मोकळिकीत येतं. पडदा पुसायचं ‘सीएलआरएससीआर’ मात्र मानकात कधी नव्हतंच, ती अस्सल स्थानिक बोली. आणि ‘आय++ + ++आय याचं उत्तर काय?’ हा परीक्षेतला लाडका प्रश्न तिसऱ्या प्रकारात मोडतो. त्याला उत्तर नाही. जे उत्तर मान्य होतं ते एका कम्पायलरचा एका दिवसाचा स्वभाव.

स्कीमची वाट अगदी निराळी. ऑक्टोबर १९८४ मध्ये ब्रँडाइस विद्यापीठात मुख्य स्कीमांचे पंधरा प्रतिनिधी बसले. त्यांचा रिवाज एकमताचा. एकाचाही ठाम विरोध असेल तर गोष्ट आत येत नसे. परिणामी भाषा लहान राहिली, १९९८ चा अहवाल अवघ्या ५० पानांचा. २००७ मध्ये एकमत सोडून मतदान घेतलं, किमान ६० टक्क्यांची अट ठेवली. अट पुरी झाली, पण विरोधात गेलेल्यांत स्वतः स्कीम बांधणारे होते, आणि त्यांनी ती आवृत्ती उचललीच नाही. मानकाला पोलीस नसतात. त्यापेक्षा त्यांची १९९८ पासूनची दुसरी व्यवस्था जास्त चालली: कुणीही सूचना लिहावी, सोबत चालणारा कोड जोडावा, साठ ते नव्वद दिवस चर्चेला ठेवावी, मतदान नाही. ज्याला पटेल त्याने घ्यावी.

कॉमन लिस्पचं मानक डिसेंबर १९९४ मध्ये मंजूर झालं, हजाराहून अधिक पानांचं, ९७८ नावांचं. त्याच वर्षी ल्युसिड कंपनी बंद पडली. मानकात थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामांचे धागे) नाहीत, नेटवर्क नाही, सी भाषेतली फंक्शनं बोलावण्याची सोय नाही. समितीने उघडपणे सोडलेल्या या जागा. त्या नंतर ज्या लायब्रऱ्यांनी भरल्या त्यांच्या आत डोकावलं की जुनंच अवजार दिसतं: हॅश आणि अधिकचं चिन्ह, पुढे बोलीचं नाव. एसबीसीएल नावाची लिस्प असेल तर ही ओळ वाच, ईसीएल असेल तर ती, बाकीच्यांनी सोडून द्या. (ईसीएल ही क्योटोच्याच लिस्पची वंशज.) बाहेरगावच्या नातेवाइकांसाठी सांबारवडीची कृती लिहून देताना नागपूरची बाई असंच करते. पारीचं बेसन, खसखस, खोबरं सगळ्यांना कळतं म्हणून तसंच लिहिते, आणि सारणाच्या ओळीपाशी येऊन कंस करते: सांबार (म्हणजे कोथिंबीर), दोन जुड्या, धुऊन, फडक्यावर कोरडा केलेला.